टेदर ड्रोन वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप खाली येतो: दोष जनरेटरचा नव्हता

आमची तक्रार अशी. ड्रोन केबलने बांधलेला, वीज जमिनीवरून, चाळीस मीटरवर उभा. सकाळी दोन-दोन तास हलत नाही. दुपारी वारा सुटला की वीस-पंचवीस मिनिटांत ‘बॅटरी लो’ म्हणतो आणि स्वतःहून उतरायला लागतो. खाली आणून तपासावं तर सगळं ठीक. परत वर पाठवला की परत तेच. वर्कशॉपमध्ये टेबलावर दिवसभर चालवला, एकदाही चूक नाही.

२०२७ च्या सिंहस्थामुळे सध्या नाशिककडे गर्दीवर नजर ठेवणाऱ्या ड्रोनची बरीच चौकशी होतेय. टेदर बांधणाऱ्या दोघा-तिघांकडून हीच तक्रार माझ्या कानावर आली, आणि प्रत्येकाने आमच्यासारखाच आधी जनरेटर बदललेला. त्यामुळे आम्ही चार आठवडे काय काय केलं आणि शेवटी दोष कुठे सापडला ते लिहून ठेवतो.

आधी आमची जोडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे तुमच्या आकड्यांशी ताडून बघता येतील. सहा मोटरचा ड्रोन, कॅमेरा आणि वर उचललेल्या केबलसकट साडेसहा किलो. स्थिर उभा असताना मोटरना साधारण १३०० वॅट लागतात. जमिनीवरच्या सप्लायमधून ४०० व्होल्ट डीसी निघतं, ते १०० मीटर केबलमधून वर जातं आणि ड्रोनवरचा कन्व्हर्टर त्याला सोळाने भागतो. हा भागाकार महत्त्वाचा आहे. आमचा कन्व्हर्टर ठराविक गुणोत्तराचा आहे, म्हणजे आत ४०० आले तर बाहेर २५ आणि आत ३६८ आले तर बाहेर २३. तो स्वतःहून व्होल्टेज सावरून धरत नाही. हलका आणि कार्यक्षम असतो म्हणून टेदरवाले तो पसंत करतात. सोबतीला सहा सेलची ५००० एमएएचची लिपो बॅटरी, केबल तुटली तर सुखरूप उतरण्यापुरती. कन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही आयडियल डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) एकाच बसवर, म्हणजे मोटरना वीज देणाऱ्या सामाईक जोडणीवर, येतात. ऑटोपायलट आर्डूपायलटचा. बसचं व्होल्टेज सलग दहा सेकंद २२.२ च्या खाली राहिलं की उतरायचं, अशी सेटिंग.

इतकं मोठं व्होल्टेज कशाला, असं नवीन मुलं विचारतात. आमच्या केबलमधली प्रत्येक तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची. जाणं-येणं धरून २०० मीटर तांबं झालं, त्याचा रोध ६.९ ओहम. तेराशे वॅट थेट २४ व्होल्टवर पाठवायचे म्हटले तर ५४ अँपिअर लागतील आणि नुसत्या तारेतच ३७० व्होल्ट पडतील. म्हणजे २४ व्होल्ट पाठवायला चारशे व्होल्टची वाट. त्यापेक्षा आधीच चारशे पाठवले की करंट पावणेचार अँपिअरच्या आत राहतो आणि तारेत २५ व्होल्ट जातात. हे २५ व्होल्ट लक्षात ठेवा. आम्ही ते कागदावर मांडले होते, आणि मांडून विसरलो होतो.

पहिल्यांदा प्रकार घडला तो एका यात्रेत. भर दुपारी ड्रोन खाली यायला लागला आणि आयोजकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, “अहो, तुम्ही तर म्हणालात दिवसभर वर राहतो!” तेव्हा जनरेटर अडीच केव्हीएचा होता आणि संशय तिकडे जाणं साहजिकच होतं. आमच्या सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारी पायरी नाही. एसीचं डीसी करणारा साधा ब्रिज आणि पाठीमागे मोठे कपॅसिटर. असा सप्लाय सोळाशे वॅट ओढतो तेव्हा जनरेटरला ते चोवीसशे व्हीएपेक्षा जास्त वाटतात, कारण पॉवर फॅक्टर ०.६५ च्या आसपास असतो. वाऱ्यात तर कामच संपलं. मग पाच केव्हीएचा जनरेटर भाड्याने आणला. दोन दिवस काही झालं नाही. आम्ही पेढेही खाल्ले. तिसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. ते दोन दिवस वारा पडलेला होता, एवढंच.

हा जनरेटर बदलणं चुकीचं नव्हतं, तो खरंच अपुरा होता. पण एक खरा दोष सापडला की माणूस शोध थांबवतो, तसं आमचं झालं. नंतर सप्लाय बदलला. मग कन्व्हर्टर. मग करंट सेन्सरवर संशय घेऊन तोही. हे सगळं करताना टेबलावर आम्ही दोन मीटरची जाड वायर वापरत होतो, कारण शंभर मीटरचा ड्रम टेबलावर चढवायचा कंटाळा. टेबलावर दोष का दिसत नव्हता याचं उत्तर त्या कंटाळ्यातच होतं.

सुगावा लागला तो जमिनीवरच्या अँपिअर मीटरवरून, आणि तो मला नाही, ड्रमवर बसणाऱ्या मुलाला. तो येवल्याचा. केबल हाताळायला त्याच्यासारखा माणूस मिळणार नाही, लहानपणापासून हातात पतंगाची आसारी, म्हणजे मांजाची फिरकी. संक्रांतीला ढील कधी द्यायची आणि खेच कधी घ्यायची हे ज्याला कळतं त्याला टेदरचा ताण वेगळा शिकवावा लागत नाही. तो म्हणाला, “दादा, वर गेल्या गेल्या हा काटा एकवरच असतो. मग हळूहळू साडेतीनवर चढतो. असं का?”

मी दुर्लक्षच करणार होतो. पण एक अँपिअर म्हणजे ४०० वॅट. साडेसहा किलोचा ड्रोन ४०० वॅटवर तरंगत नाही. उरलेले नऊशे कुठून येत होते?

बॅटरीतून. दुसरीकडून यायला जागाच नव्हती.

आयडियल डायोडचं काम सोपं असतं. दोन टाक्या एका नळाला जोडल्या की जिची पातळी वर, तिचं पाणी आधी येतं. पूर्ण चार्ज झालेली सहा सेलची बॅटरी २५.२ व्होल्टची. आमचा कन्व्हर्टर लोड नसताना २५.०, आणि लोड आल्यावर केबलमधले २५ व्होल्ट पडले की ३७५ भागिले सोळा, म्हणजे २३.४. आपत्काळासाठी ठेवलेली बॅटरी रोज पहिल्या सेकंदापासून कामाला जुंपलेली होती. ती हळूहळू उतरत जायची, तसतसा केबलवरचा करंट वाढत जायचा, आणि सेलमागे ३.९ व्होल्टच्या आसपास दोघांचा समतोल व्हायचा. सकाळी वारा नसताना गाडी तिथेच थांबायची. २३.४ हे २२.२ च्या बरंच वर, त्यामुळे दोन तास काही होत नसे.

पण त्या समतोलाला एक दार उघडं राहिलं होतं. वारा आला की मोटर दोन हजार वॅट मागतात. तेवढ्या लोडला केबलमध्ये आणखी व्होल्टेज पडतं आणि बॅटरी पुन्हा हातभार लावते. वारा गेला की बॅटरी परत चार्ज होत नाही, कारण डायोड एकाच दिशेने वाहू देतो. प्रत्येक झुळकीला थोडी थोडी. वीस-पंचवीस मिनिटांत ती सेलमागे ३.७ वर येते. त्यानंतरचा जोराचा झोत दहा सेकंदांहून जास्त टिकला की बस २२.२ च्या खाली आणि ड्रोन जमिनीकडे. म्हणजे ‘टेदरची वीज गेली’ असं आम्ही चार आठवडे म्हणत होतो, आणि ती एकदाही गेली नव्हती. लॉग उघडून बघितला तेव्हा आलेख शांतपणे तेच सांगत होता. सुरुवातीला २४.६, मग उतरत २३.४, दुपारी २२.९, आणि शेवटी दात पडल्यासारखे खाली गेलेले खड्डे. वीज गेली असती तर रेघ एकदम तुटली असती. आम्ही इतके दिवस फक्त शेवटचा एक मिनिट बघत होतो.

तरी एक गोष्ट जुळत नव्हती. दुपारची स्थिर पातळी २२.९ का? गणित २३.४ म्हणतं. अर्धा व्होल्ट कोण खातं? वर अर्धा व्होल्ट म्हणजे केबलच्या बाजूला आठ व्होल्ट.

इथे ड्रमकडे वळलो. आम्ही शंभर मीटर केबल गुंडाळलेला ड्रम वापरायचो आणि उडवायचो चाळीस मीटरवर. साठ मीटर केबल कायम ड्रमवर, काळ्या पेटीत, एप्रिलच्या उन्हात. सगळ्या केबलमध्ये मिळून ९२ वॅट उष्णता होते, त्यातली ५५ वॅट ड्रमवर. हवेतली केबल वाऱ्याने गार राहते. ड्रमवरची म्हणजे गोधडीत गुंडाळलेला साठ वॅटचा बल्ब. घरगुती एक्स्टेन्शनच्या चक्रीवर पूर्ण उलगडलेली असताना इतके वॅट आणि गुंडाळलेली असताना त्याहून कमी असे दोन आकडे छापलेले असतात. ते कशासाठी, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

आयआर गनने ड्रम बघितला तर ४८ अंश. ‘ठीक आहे’ म्हणून आम्ही आधी सोडून दिलेलंच होतं. पण गन फक्त बाहेरचा थर बघते. आतल्या थरात थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार सरकवली आणि वीस मिनिटांनी वाचलं, ८५. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. वीस अंशांवरून पंच्याऐंशीवर म्हणजे पाव भाग वाढ. ड्रमवरचे ४.१ ओहम ५.२ झाले, हवेतला भागही उन्हात थोडा वाढला, आणि एकूण ६.९ चे ८.१ झाले. तेवढ्यानेही सगळा हिशोब बसेना. उरलेला दोष स्लिप रिंगमध्ये होता, म्हणजे फिरत्या ड्रमवरच्या केबलला घासणाऱ्या ब्रशमधून वीज देणाऱ्या कड्यात.

हे मोजायची एक साधी रीत आहे, सगळ्यांनी महिन्यातून एकदा करावी अशी. पण त्याआधी एक गोष्ट. चारशे व्होल्ट डीसी म्हणजे घरातल्या २३० सारखं थोडं जास्त, असं समजू नका. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यातून जातच नाही. घरातला साधा एमसीबी किंवा बटण इथे उघडलं तरी आत आर्क जळत राहतो, डीसीसाठी शिक्का असलेलाच घ्या. सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. पाच मिनिटं थांबा, मग मीटरने मोजा, आणि तो मीटर चालू आहे ना हे आधी दुसऱ्या ओळखीच्या सर्किटवर बघून घ्या. आमच्याकडे केबलला हात लावायच्या आधी दोघांनी मोठ्याने आकडा वाचायचा नियम आहे.

आता रीत. ड्रोनच्या बाजूचं टोक सोडवा आणि दोन्ही तारा एकमेकींना पक्क्या जोडा. जमिनीकडच्या टोकाला बेंच सप्लाय लावा, करंटची मर्यादा २ अँपिअर, आणि व्होल्टेज वाचा. थंड केबलला १३.८ व्होल्ट आले म्हणजे ६.९ ओहम. मल्टिमीटरच्या ओहमवर हे मोजू नका. प्रोबच्या तारांचा रोध त्यात मिसळतो आणि इतक्या छोट्या करंटला खराब काँटॅक्टही शहाण्यासारखा वागतो. दोन अँपिअर वाहिले की तो खरं रूप दाखवतो. ड्रोन उतरल्या उतरल्या, ड्रम गार व्हायच्या आत, हेच पुन्हा करा. एकदा स्लिप रिंगच्या अलीकडून आणि एकदा पलीकडून. आमचे आकडे: नुसती केबल १६.२ व्होल्ट, म्हणजे ८.१ ओहम. स्लिप रिंग धरून १७.६, म्हणजे ८.८. ड्रम हाताने हळूहळू फिरवला तर काटा १७.३ ते १८.४ मध्ये नाचत होता. स्लिप रिंगमध्ये पाऊण ओहमच्या आसपास, तोही हलता! नवी रिंग लावली आणि तो फरक मीटरवर दिसेनासा झाला.

रिंग उघडली तेव्हा दिसलं की झीज सगळीकडे सारखी नव्हती. एका बाजूला बोटभर पट्ट्यात काळी, बाकी चकचकीत. वाऱ्यात ड्रोन थोडा पुढेमागे झुलतो, ताण सांभाळणारी मोटर ड्रम पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे करते. दिवसभर तेच. त्यामुळे ब्रश त्याच जागी घासत राहतात. दुकानदार रिंगचं आयुष्य फेऱ्यांमध्ये सांगतात. आमच्या कामात पूर्ण फेरी क्वचितच होते, तरी रिंग आधी जाते.

सगळं एकत्र धरलं की हिशोब असा बसतो. केबल थंड आणि रिंग नवी असेल तर दोन हजार वॅटच्या झोताला, बॅटरीची मदत न घेताही, बस २२.५ वर टिकते. केबल तापलेली आणि रिंग झिजलेली असेल तर त्याच झोताला बस २१.६ वर येते. आमची मर्यादा २२.२, बरोबर दोघांच्या मधोमध. म्हणूनच दोष कधी यायचा, कधी नाही. एकेक वस्तू तपासली तर एकही ‘खराब’ नव्हती. केबल ठीक, कन्व्हर्टर ठीक, बॅटरी ठीक.

एक गोष्ट अजून सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळेच हे प्रकरण इतकं चिवट होतं. ऑटोपायलट ड्रोनला उंचीवर धरून ठेवतो, म्हणजे मोटरना लागणारी शक्ती कायम ठेवतो. व्होल्टेज पडलं की तो थ्रॉटल वाढवतो, करंट वाढतो, केबलमध्ये आणखी व्होल्टेज पडतं. बल्ब किंवा हीटर असा वागत नाही. त्यांना व्होल्टेज कमी मिळालं की ते करंटही कमी घेतात आणि मामला मिटतो. म्हणून टेबलावर हीटरची कॉइल लोड म्हणून लावून टेदर तपासणाऱ्यांना मी सांगतो, तुमचा निकाल खोटा गोड येणार. ड्रोनच लोड म्हणून लावा, प्रोपेलर काढून नव्हे तर ड्रोन चौकटीला घट्ट बांधून, मोकळ्या मैदानात, सगळे लांब उभे राहून. आणि केबल पूर्ण लांबीची, ड्रमवरच गुंडाळलेली. आधी गार असताना आकडे घ्या, मग अर्ध्या तासाने पुन्हा.

दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त गोष्टीने सगळ्यात जास्त फायदा दिला. शंभरऐवजी साठ मीटर केबल. चाळीस मीटरवरच उभं राहायचं होतं, बाकीची साठ मीटर फक्त ‘असू दे, कधी लागली तर’ म्हणून होती. साठ मीटरचा रोध ४.१ ओहम. स्थिर असताना बस २४.१, झोतात २३.५. ड्रमवर वीस मीटर उरते, तिची उष्णता सतरा-अठरा वॅट, आणि पेटीचं झाकण काढून वर सावली केली की ड्रम जेमतेम कोमट होतो. लांब केबल ठेवायलाच लागत असेल तर जादाची ड्रमवर ठेवू नका. जमिनीवर सावलीत आठाच्या आकड्यात पसरून ठेवा, आणि भोवती दोरी बांधा, नाहीतर कोणीतरी त्यावरून मोटरसायकल नेईल. आमच्याकडे नेली आहे.

जाड केबल हा मोहाचा पर्याय आहे. एक चौरस मिलिमीटर घेतलं तर रोध अर्धा होतो, पण नुसतं तांबंच मीटरमागे नऊ ग्रॅमने वाढतं. चाळीस मीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या वर, इन्सुलेशन धरून चारशेच्या आसपास. किलोमागे दोनशे वॅट धरले तर फक्त केबल उचलायला ऐंशी वॅट जास्त, आणि कॅमेऱ्याच्या वजनातून तेवढं कापायचं. आम्ही ते केलं नाही. शंभर मीटरवर उडवणाऱ्यांना विचार करावा लागेल.

बॅटरीचं कोडं सोडवायला दोन गोष्टी केल्या. चार्जरमध्ये सेलमागे ४.०० व्होल्टची मर्यादा घातली. म्हणजे बॅटरी २४.० वर थांबते, बसच्या २४.१ खाली, आणि स्थिर असताना कामाला लागत नाही. ‘अर्धवट चार्ज करून पाठवायची?’ हा आमच्यातला वाद दोन दिवस चालला. पण हिशोब करा. चाळीस मीटरवरून मिनिटभरात उतरायला ५४ अँपिअरने ९०० एमएएच लागतात. ४.०० वर तिच्यात त्याच्या कितीतरी पट असतं. पूर्वी आम्ही भरलेली म्हणून पाठवायचो आणि गरज पडायच्या वेळी ती ३.७ वर पोहोचलेली असायची. त्यातली कुठली जास्त भरलेली?

दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरीच्या स्वतःच्या तारेत वेगळा करंट सेन्सर आणि ऑटोपायलटमध्ये दुसरा बॅटरी मॉनिटर. पूर्वी एकच सेन्सर बसवर होता, त्याला वीज कुठून येते हे कळायचा मार्गच नव्हता. आता बॅटरीतून ८०० एमएएच गेले की उतरायचं, बसचं व्होल्टेज काहीही असो. आणि केबलचा करंट शून्यावर आला तर खालच्या माणसाला भोंगा. पायलट स्क्रीन बघत असतो, पण ड्रमवाला आभाळाकडे बघत असतो. त्याला आवाजच लागतो.

याच धर्तीचे, पण कारण वेगळं असलेले दोन-तीन दोष थोडक्यात सांगतो, कारण लोक ते यातच मिसळतात.

वेगाने खाली आणताना किंवा थ्रॉटल एकदम सोडल्यावर वीज जात असेल तर केबल तपासू नका. बऱ्याच ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर) मोटरला ब्रेक लावतात आणि ती ऊर्जा बसवर परत ढकलतात. साध्या ड्रोनमध्ये बॅटरी ती गिळते. आपल्याकडे दोन्ही डायोड परतीची वाट अडवतात, बसचं व्होल्टेज वर उसळतं आणि कन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. ईएससीमधलं ब्रेकिंग बंद करा, बसवर चांगले कपॅसिटर वाढवा, उतरण्याचा वेग कमी ठेवा. आमचा आता सेकंदाला दीड मीटर आहे.

सुरू करतानाच सप्लाय टक-टक करून बंद पडत असेल तर ड्रोनवरच्या रिकाम्या कपॅसिटरचा पहिला घोट मोठा आहे. शंभर ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर मालिकेत आणि सेकंदाभराने त्याला बगल देणारी रिले. कन्व्हर्टर मात्र रिले लागल्यावरच सुरू झाला पाहिजे, नाहीतर सगळा लोड रेझिस्टरमधून जायला बघेल आणि तुम्हाला धूर दिसेल.

आणि थंडीत सकाळी दव पडल्यावर इन्सुलेशन मॉनिटर ओरडतो, दहा वाजता गप्प होतो. त्याला मुका करू नका. आमची चारशेची बाजू जमिनीशी जोडलेली नाही, तरंगती आहे. एका जागी गळती झाली तर झटका बसत नाही, दुसऱ्या जागी झाली की बसतो. मॉनिटर पहिली गळती सांगत असतो. केबलला बारीक चिरा पडतात, बहुतेक कप्पीपाशी, जिथे ती वळते. डोळ्यांना दिसत नाहीत. आम्ही त्या अशा शोधतो: केबलची दोन्ही टोकं सोडवायची, नाहीतर मेगरचे (इन्सुलेशन तपासायच्या मीटरचे) ५०० व्होल्ट कन्व्हर्टरमध्ये जातील. मग दोन्ही तारा एकत्र करून मेगरच्या एका टोकाला आणि ओल्या फडक्याला गुंडाळलेली उघडी तांब्याची तार दुसऱ्या टोकाला. फडकं लाकडी चिमट्यात धरायचं, हातात रबरी मोजे, आणि एकाने मेगर चालू ठेवून दुसऱ्याने केबल हळूहळू फडक्यातून ओढायची. चांगल्या केबलवर काटा वर स्थिर असतो. चीर फडक्याखाली आली की तो धपकन पडतो. तिथे खडूने खूण करायची. आमच्या केबलला पहिल्या बारा मीटरमध्ये तीन सापडल्या, तिन्ही कप्पीच्या एकाच कडेच्या. कड कानशीने गोल केली, त्यानंतर एकही नाही. चिरेवर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. टेप कप्पीत अडकतो आणि ताण सांभाळणारी मोटर ड्रोनला खाली खेचते.

तुमच्याकडे हा वीस मिनिटांचा प्रकार होत असेल तर कुठलाही भाग विकत घ्यायच्या आधी तीन आकडे लिहून काढा: उड्डाणानंतर पहिल्या मिनिटाला जमिनीवरचा करंट, दहाव्या मिनिटाला तोच, आणि उतरल्यावर बॅटरीचं सेलमागे व्होल्टेज. पहिला दुसऱ्यापेक्षा बराच कमी असेल तर तुमचीही बॅटरी गुपचूप राबतेय. आणि केबलची गंमत म्हणाल तर, कापलेला चाळीस मीटरचा तुकडा अजून शेल्फवर आहे आणि येवल्याचा मुलगा दर आठवड्याला विचारतो, “दादा, तो जोडून बघू का परत, जरा उंच नेऊ?”